पॅनेल नंबर सात

साताऱ्याच्या आमच्या घरी शोकेसमध्ये, माझ्या वक्तृत्व स्पर्धेच्या कपाशेजारी, चार महिने एक सीझन बॉल ठेवलेला होता. पुरावा म्हणून!

झालं असं, की जानेवारीतल्या एका रविवारी शेजारच्या आठवीतल्या पोरानं उत्तुंग षटकार ठोकला आणि तो थेट आमच्या गच्चीवर, सोलरच्या तिसऱ्या पॅनेलवर उतरला. काच फुटली. म्हणजे तुकडे नाही झाले, पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाबा बॉल हातात घेऊनच फाटकाशी गेले. तिथे नेमकं काय बोलणं झालं ते दोन्ही घरं वेगवेगळं सांगतात. पण त्या दिवसापासून वीस वर्षांचा शेजार बंद. आई आणि शेजारच्या काकू तेवढ्या मागच्या भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण करत होत्या, तीही बाबा बँकेत गेले की.

बाबांचा राग मला कळत होता. ते भूगोलाचे मास्तर. २०१९ साली निवृत्तीचे पैसे आल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली एकमेव गोष्ट म्हणजे ही नऊ पॅनेल्स. प्रत्येकी ३३५ वॅटची, मिळून तीन किलोवॅट. उन्हाळ्यात महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट्स व्हायची आणि बिलात जेमतेम स्थिर आकार यायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी बिल दाखवायचे, मग चहा!

फेब्रुवारीपासून बिल वाढायला लागलं. मार्चमध्ये आणखी. एप्रिलमध्ये फोन आला, ‘‘बघ, त्या पोराच्या एका बॉलनं एक तृतीयांश वीज खाल्ली. तू इंजिनीअर ना? ये आणि बघ जरा.’’

आता मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. वायर आणि माझा संबंध मोबाइलच्या चार्जरपुरता. पण ज्यांनी पॅनेल्स बसवली त्या कंपनीचा फोन ‘अस्तित्वात नाही’ म्हणत होता. पॅनेल बनवणाऱ्यांची वॉरंटी होती, पण त्यांना हवे होते सीरियल नंबर लिहिलेले बिल, आणि बाबांच्या बिलावर नुसतं ‘सोलर सेट, १ नग’. (तुमच्याकडे बसवलं असेल तर आजच बिल काढून बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळायला लागली, तेव्हापासून माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या आईवडिलांच्या गच्चीवर पॅनेल्स आहेत. सीरियल नंबर कोणीही लिहून घेतलेले नाहीत!)

डोंगर आणि कंगवा

टेस्टरची सवय अशी, की आधी बग बघायचा, बगबद्दलचं मत नाही. इन्व्हर्टरचं ॲप बाबांच्या फोनवर होतं, ते मी शुक्रवारी रात्री एसटीत बसून उघडलं. स्वच्छ दिवशी सोलरचा आलेख डोंगरासारखा दिसतो. सकाळी चढ, दुपारी माथा, संध्याकाळी उतार. आमच्या डोंगराचा माथा कोणीतरी कुरतडला होता. अकरा ते तीनच्या मध्ये वीज एकदम शून्य, काही मिनिटांनी परत वर, परत शून्य... चक्क कंगवा!

हे तडकलेल्या काचेनं होईल? मला पटेना. काच फुटली म्हणजे फुटली, ती दुपारी जास्त आणि सकाळी कमी फुटत नाही. दुपारी जास्त असतो तो करंट. आणि करंट वाढला की तापतो तो कुठलातरी ढिला जोड. तापला की सुटतो, निवला की परत चिकटतो. नऊ पॅनेल्स एकामागे एक, माळेसारखी जोडलेली असतात. माळेत एक जोड सुटला की सगळी माळ बंद.

दुसरी गंमत वेगळीच. काही दिवशी इन्व्हर्टर सकाळी सातऐवजी साडेदहाला सुरू होत होता. तारखा लिहून काढल्या. जानेवारी-फेब्रुवारीतले काही धुक्याचे दिवस आणि बाकी सगळे रविवार! रविवारी काय असतं?

‘‘रविवारी मी पॅनेल धुतो,’’ बाबा म्हणाले. ‘‘पाइप लावून. का?’’

‘‘पायात काय असतं?’’

‘‘काय असणार? गच्चीवर कोण चपला घालतं?’’

माझ्या पोटात गोळाच आला. काच अख्खी असते तोवर आतल्या सिलिकॉनच्या चकत्या प्लॅस्टिकच्या थरात सीलबंद असतात. काच तडकली की पाणी आत झिरपतं आणि वीज त्या ओलीतून फ्रेमपर्यंत वाट काढू शकते. इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्याआधी नेमकं हेच तपासतो आणि गळती दिसली तर सुरूच होत नाही. तो बिचारा चार महिने ओरडून सांगत होता आणि हे अनवाणी, ओल्या गच्चीवर, पाइप घेऊन! माळेचं व्होल्टेज चारशेच्या घरात असतं. अर्थिंग चांगलं होतं म्हणून निभावलं असेल, किंवा नशीब. मला त्यावर फार विचार करायचा नाही.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘मी कधीची सांगतेय, दुपारी कुरडया वाळत घालायला गेलं की तिकडून करपल्याचा वास येतो. माझं ऐकतंय कोण?’’

कोणीच नाही. मीसुद्धा होळीला हेच ऐकून ‘कुणीतरी कचरा जाळत असेल’ म्हणाले होते.

सूर्याला बटण नसतं

कोपऱ्यावरच्या दुकानातले वायरमनकाका आमच्या घरचेच. शनिवारी सकाळी त्यांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या एमसीबी पाडला आणि पॅनेलचा कनेक्टर खेचायला हात घातला. मी जवळजवळ किंचाळलेच. आधीच्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचलेलं सगळं कामी आलं!

घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, त्यामुळे जोड तोडताना ठिणगी उडाली तरी ती चटकन विझते. पॅनेलमधली वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही, त्यामुळे करंट चालू असताना कनेक्टर ओढला तर पेटलेली ठिणगी पेटलेलीच राहते. हात भाजतो, कधी त्याहून वाईट. आणि घरातला कुठलाही स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या वायरीत व्होल्टेज असतंच. म्हणून आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर, मग क्लॅम्प मीटर लावून करंट खरंच शून्य आहे का ते बघायचं आणि मगच कनेक्टर. रबरी हातमोजे घालून. गच्ची खडखडीत कोरडी असताना.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ताई, तीस वर्षांत असलं कुणी सांगितलं नाय. लिहून द्या.’’ मी त्यांच्या बिलबुकाच्या मागे लिहून दिलं. ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांनी स्वतः करू नये, सोलरचं काम येणारा माणूस बोलवावा. मला काका मिळाले, आणि काकांना माझं गुगल.

साडेआठच्या उन्हात आम्ही एकेक पॅनेल सुटं करून मोजलं. मीटर डीसी व्होल्टवर. एक नंबर, ४३. दोन, ४३. मग तीन नंबर, तडकलेलं, आरोपी! बाबा मानेवरून वाकून बघत होते. ४३.

‘‘मीटर बिघडलाय,’’ बाबा म्हणाले.

मीटर ठीक होता. करंट मोजला तर शेजारच्यांपेक्षा किंचित कमी, इतकंच. ही काच टफन्ड असते, फुटली तरी खालच्या थराला चिकटून राहते आणि तिच्यातून ऊन आत जातच असतं. चार, पाच, सहा, सगळे ४३. आणि सात नंबर, वरून नवंकोरं, आरशासारखं स्वच्छ... २८.

हा आकडा बघून मला अक्षरशः आनंद झाला, कारण तो बोलका होता. अशा पॅनेलमध्ये ७२ चकत्या असतात, २४-२४ च्या तीन गटांत. प्रत्येक गटाला एक बायपास डायोड. एखाद्या गटावर सावली पडली की डायोड करंटला बाजूनं वाट काढून देतो, नाहीतर सावलीतली चकती तापून जळते. डायोड स्वतःच जळून शॉर्ट झाला तर तो गट कायमचा बाद. ४३ चे दोन तृतीयांश किती? २८ आणि थोडं!

मोबाइल सेल्फी मोडवर टाकून मी हात पॅनेलखाली घातला आणि पाठीचे फोटो काढले. सात नंबरच्या मागचा काळा डबा, म्हणजे जंक्शन बॉक्स, एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळला होता. उघडला तर वायर जिथे पट्टीला दाबून बसवतात तो स्क्रू ढिला. बसवतानाच नीट आवळलेला नसावा. सहा वर्षं तो थोडा थोडा तापत राहिला, शेजारचा डायोड भाजून निघाला आणि आता रोज दुपारी तिथे ठिणग्या उडत होत्या. आईच्या कुरडयांच्या साडीपासून चार फुटांवर.

बाबा काही बोलले नाहीत. खाली जाऊन बसले.

गादीवरचं ऑपरेशन

नुसता डायोड बदलून भागलं असतं, तो वडापावच्या किमतीत मिळतो. पण डबाच वितळला होता. मी सोमवारी पुण्यात तपकीर गल्लीतून तीन डायोडचा अख्खा नवा जंक्शन बॉक्स घेतला, पाचशेच्या आत, आणि पुढच्या शनिवारी परत साताऱ्याला. तोवर पूर्ण सिस्टिम बंद. बाबांना आठवडाभर अनवाणीच काय, गच्चीवर जायलाच बंदी.

सात नंबर उतरवून आम्ही चौघांनी हॉलमध्ये आणलं आणि जुन्या गादीवर पालथं झोपवलं. अंधारात पॅनेल म्हणजे निव्वळ काच, तेव्हा काम निर्धोक. काकांनी जुना डबा पात्यानं हळूहळू सोडवला. पाठीच्या पातळ थराला चरा गेला तर सगळं मुसळ केरात. आतून चार चपट्या पट्ट्या बाहेर आल्या. नवा डबा, डायोडची दिशा तीनदा तपासून, चारही पट्ट्यांना डाग. मग कडेनं सिलिकॉन. इथे एक सांगते, दुकानात जो व्हिनेगरसारखा आंबूस वासाचा सिलिकॉन मिळतो तो नको, त्यातलं ॲसिड तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर मागायचा. एक दिवस वाळू दिला. रविवारी उन्हात धरलं, मीटर लावला. ४३!

काकांनी बाबांना टाळी दिली.

आणि तीन नंबर? त्याचं आम्हाला काही करता आलं नाही. इंटरनेटवर लोक तडकलेल्या काचेवर इपॉक्सी ओततात, चकाचक दिसतं. पण काच आणि चकत्या कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेल्या असतात, ते घरी परत होत नाही, आणि चारशे व्होल्टच्या माळेत मी असा जुगाड ठेवणार नव्हते. नवीन घ्यावं तर ३३५ वॅटचं पॅनेल आता शोधून सापडत नाही. हल्लीची पाचशेच्या वरची, आकारानं मोठी, करंट वेगळा. माळेत सगळ्यात कमी करंटवालाच वेग ठरवतो, मग जादा पैसे कशाला? तीन नंबर माळेतून काढून मधली वायर जोडली आणि आठवर चालवलं. इन्व्हर्टरला ते व्होल्टेज चालतं, आधी त्याच्या माहितीपत्रकात बघून घेतलं होतं. २०२२ च्या नियमांनी सोलर पॅनेल ई-कचऱ्यात धरलंय, त्यामुळे ते भंगारवाल्याकडे जाणार नाही. सध्या जिन्याखाली तोंड भिंतीकडे करून उभं आहे. शिक्षा झाल्यासारखं.

सोमवारी दुपारी मीटिंगमध्ये टेबलाखाली ॲप उघडलं. डोंगर. थोडा बुटका, नऊच्या जागी आठ, पण माथा गोल.

बिल वाढलं ते बॉलमुळे नव्हे, हे बाबांना कागदावर आकडे मांडून दाखवावं लागलं. मास्तर आहेत, उत्तर बरोबर आलं की मान्य करतात. मात्र त्यांचं म्हणणं, की बॉल पडला नसता तर तू आली नसतीस, आलेख उघडला नसतास आणि सात नंबर तसाच जळत राहिला असता. हे बरोबर आहे की सोयीचं, मला ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी, आई सांगते, बाबांनी शोकेस उघडली, बॉल धोतराच्या पंच्यानं पुसला आणि फाटकातून हाक मारली. पोरगा घाबरतच आला.

‘‘घे,’’ बाबा म्हणाले. ‘‘आणि लेगला मारत जा. ऑफला आमची आठ पॅनेल्स आहेत.’’