संदेशवाहक यंत्रणांतील संवादभंग : निदानाची एक दिशा

ई-मेलने पाठविलेला संदेश परत आला की ‘संपर्क तुटला’ असे म्हणण्याची रीत आहे. निदानाच्या दृष्टीने हे विधान अपुरे होय. दोन टपाल-सर्व्हरांमधील व्यवहार हा ठरीव क्रमाने चालणारा संवाद असतो. तो कोणत्या उक्तीपाशी थांबला हे पाहिल्यावाचून दोषाचे स्थान निश्चित होत नाही. रोमान याकोबसन यांनी 1960 मध्ये भाषिक व्यवहाराच्या सहा घटकांचे विवेचन करताना ‘संपर्क’ आणि ‘संकेतव्यवस्था’ हे घटक पृथक् मानले. तोच भेद येथे उपयोगी पडतो.

सोनगीर येथील तांब्या-पितळेच्या भांड्यांचा एखादा व्यापारी जळगावच्या ग्राहकास दरपत्रक पाठवीत आहे, असे समजू. व्यापाऱ्याचा सर्व्हर प्रथम डीएनएस या नामनिर्देशिकेतून ग्राहकाच्या सर्व्हरचे नाव व त्याचा अंकात्मक पत्ता शोधतो. नावच सापडले नाही, तर संवादास आरंभ झालेला नसतो. अशा वेळी पत्त्यातील अक्षरे व निर्देशिकेतील नोंद तपासावी. पत्ता मिळाल्यावर 25 क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी मागितली जाते. तत्काळ नकार आल्यास तेथे टपालसेवा बंद असण्याचा संभव अधिक. बराच वेळ काहीच उत्तर न आल्यास वाटेतील फायरवॉलकडे लक्ष द्यावे. अनिष्ट टपालास आळा घालण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या या पोर्टवरून बाहेर जाणारी वाट बंद ठेवतात. येथवरचे दोष संपर्काचे होत.

जोडणी झाली की समोरचा सर्व्हर 220 या अंकाने स्वागत करतो. यापुढील प्रत्येक उत्तराचा आरंभ तीन अंकी संख्येने होतो व तिचा पहिला अंक निर्णायक असतो. 2 म्हणजे स्वीकार, 4 म्हणजे तात्पुरता नकार, 5 म्हणजे कायमचा नकार. चाराने आरंभ होणाऱ्या नकारानंतर संदेश रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो. चार-पाच दिवस तरी हे प्रयत्न चालू ठेवावेत असे मानक सांगते. पाचाने आरंभ होणाऱ्या नकारानंतर तोच संदेश जसाच्या तसा पुन्हा पाठविणे व्यर्थ. त्यासोबतचे कारण वाचले पाहिजे.

आता व्यापाऱ्याचा स्वतःचा पत्ता देवनागरीत आहे, असे मानू. जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये सिद्ध केलेल्या मानकात आस्की संचातील 128 चिन्हांनाच स्थान होते. 1992 च्या ‘माइम’ मानकाने मजकुराला अन्य लिप्या खुल्या केल्या; पत्त्याला मात्र ती मोकळीक फेब्रुवारी 2012 च्या एसएमटीपी-यूटीएफ-8 या विस्ताराने मिळाली. 27 ऑगस्ट 2014 रोजी ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन मराठीसह आठ भाषांसाठी सुरू झाले.

संवादाच्या आरंभीच ग्राहकाचा सर्व्हर आपल्या क्षमतांची यादी सांगतो. तीत हा विस्तार नसेल, तर व्यापाऱ्याच्या सर्व्हरला तेथेच थांबावे लागते. पत्त्यातील डोमेनाचे ‘प्यूनीकोड’ पद्धतीने लॅटिन रूपांतर होऊ शकते; ‘ॲट’ चिन्हापूर्वीच्या नावाचे तसे करता येत नाही, कारण त्या नावाचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ त्याच्या मूळ सर्व्हरला असतो. परिणामी मराठी दरपत्रक निर्वेधपणे जाऊ शकते, पण ते पाठविणाऱ्याचे मराठी नाव अडते. संपर्क निर्दोष असतो. अभाव असतो तो समान संकेतव्यवस्थेचा.

यावर तात्पुरता उपाय म्हणजे त्याच टपालपेटीला एक लॅटिन पर्यायी पत्ता जोडून त्यावरून पत्र धाडणे. खरा उपाय ग्राहकाच्या बाजूस आहे. पोस्टफिक्स या प्रचलित सर्व्हर-प्रणालीत 2015 च्या 3.0 आवृत्तीपासून ही सोय आहे. मार्गात अन्य सर्व्हर असल्यास त्यांनीही ती स्वीकारली पाहिजे.

या भेदाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. दोष ‘लाइनचा’ ठरला की व्यापारी तेच पत्र पुनःपुन्हा पाठवीत राहतो, किंवा आपले नाव लॅटिन लिपीत लिहू लागतो. जो सर्व्हर ती लिपी स्वीकारण्यास सिद्ध झालेला नाही, त्याची तपासणी मात्र कोणी करीत नाही.