मापात पाप नको

कल्याणच्या बाजारात तांदूळ घेताना जाणता माणूस वजनावरचा सरकारी शिक्का पाहतो. वजन खोटे निघाले, तर मूठभर तांदूळ जातो. पण औषधाचे माप चुकले तर? जिवावरच बेतते.

कॅन्सर, म्हणजे कर्करोग, यावर शस्त्रक्रिया करतात, औषधे देतात, तसेच किरणही देतात. लोक त्याला 'लाईट घेणे' म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडचे कितीतरी रोगी त्यासाठी परळच्या टाटा हॉस्पिटलात जातात. हे हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले.

हे किरण दिसत नाहीत. लागतानाही कळत नाहीत. कमी पडले, तर रोग उरतो. जास्त पडले, तर चांगला भाग भाजतो.

मग माप ठेवतो कोण? किरण किती द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. यंत्र तेवढेच किरण देते का, हे भौतिकतज्ज्ञ पाहतो. रोज सकाळी पहिला रोगी येण्याआधी यंत्राची तपासणी होते. ठरावीक दिवसांनी पाण्याच्या टाकीत मापक ठेवून किरण मोजतात. पाणी कशाला? माणसाच्या देहात पाणीच जास्त, म्हणून.

काही यंत्रांत कोबाल्ट असतो. त्याचा जोर दर महिन्याला शेकडा सुमारे एक याप्रमाणे घटतो. सव्वापाच वर्षांत तो निम्म्यावर येतो. म्हणून किरण देण्याचा वेळ हिशेबाने वाढवावा लागतो. अमेरिकेत कोलंबस शहरातील एका रुग्णालयात १९७४ ते १९७६ या काळात हा हिशेब चुकला. जोर होता त्याहून कमी धरला गेला. प्रत्यक्ष मोजून कोणी पाहिले नाही. ४२६ रोग्यांना जादा किरण बसले!

आपल्या देशात यावर देखरेख ठेवायला १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याच्या परवान्याशिवाय असे यंत्र चालवता येत नाही.

रोग्यानेही आपले काम करावे. अंगावर काढलेल्या खुणा पुसू नयेत. यंत्राखाली हलू नये. रोज आपले पूर्ण नाव सांगावे. पाळी चुकवू नये. चुकलीच, तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

कधी मुरबाडहून पहाटेची एस. टी. धरून, कल्याणला लोकल गाठून रोगी पोचतो, आणि कळते की तपासणीसाठी यंत्र बंद आहे. रोजगार बुडाला, म्हणून राग येतो. तो येणारच. पण भांडू नका. पुढची पाळी कधी, तेवढे विचारून घ्या. न तपासलेल्या यंत्राखाली निजण्यापेक्षा एक खेप वाया गेलेली बरी.