पडद्यामागचें काम

ठरल्या वेळीं ठरलेलें काम व्हावें, ही अपेक्षा घड्याळाइतकीच जुनी आहे. शाळेची घंटा व आगगाडीचें वेळापत्रक हीं तिचींच रूपें होत. आज मनुष्य मोबाईलकडूनहि तीच अपेक्षा करितो. परंतु ब्राउझरमध्यें चालणारें वेब-ॲप ती कितपत पुरी करूं शकतें, हें पाहाण्यासारखें आहे.

समजा, चांदूर बाजारजवळच्या एका बागेंत आंबिया बहाराचीं संत्रीं तोडणीस आलीं आहेत. बागाईतदारानें वेब-ॲपमध्यें झाडांची नोंद भरून ‘पाठवा’ हें बटण दाबिलें. बागेंत नेटवर्क नाहीं. मोबाईल खिशांत टाकून तो निश्चिंतपणें घरीं गेला. नोंदीची मुदत त्याच रात्रीं संपावयाची आहे. नोंद आपोआप जाईल काय?

सहज सुचणारा उपाय असा, कीं पानांतच एक गजर लावावा व त्यानें दर मिनिटाला पाठविण्याचा प्रयत्न करावा. परंतु पान दृष्टीआड झालें म्हणजे गजर मंदावतो. क्रोम ब्राउझर २०२१ सालापासून, पांच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या पानांतले असे गजर बहुधा मिनिटांतून एकदांच तपासतो. मोबाईलवर तर पान पुष्कळदां पूर्णपणें थिजतें किंवा बंदच होतें. यांत दुष्टावा नाहीं. प्रत्येक झांकलें पान जागें राहिलें, तर बॅटरी दुपारींच संपेल, आणि मालकाच्या नकळत काय चाललें आहे याचा पत्ताहि लागणार नाहीं.

यासाठीं ‘सर्व्हिस वर्कर’ ही योजना निघाली. हा पानाहून निराळा असा सेवक आहे. एरवीं तो निजलेला असतो. काम निघालें कीं ब्राउझर त्यास उठवितो. क्रोममध्यें २०१६ सालीं त्याच्या जोडीला ‘बॅकग्राउंड सिंक’ आलें. नोंद आधीं मोबाईलमध्यें साठवावी व सेवकाजवळ निरोप ठेवावा. नेटवर्क आल्यावर, पान बंद असलें तरी, तो ती पाठवितो. २०२० सालीं आलेलें ‘पीरिऑडिक सिंक’ ठराविक अंतरानें काम करितें. मात्र तें इन्स्टॉल केलेल्या ॲपपुरतेंच, आणि मागितलेलें अंतर ही केवळ किमान मर्यादा असते. प्रत्यक्ष वेळ ब्राउझर ठरवितो. आयफोनच्या सफारींत या दोन्ही सोयी नाहींत. तेथें २०२३ पासून, होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब-ॲपला पुश सूचना मात्र मिळूं शकते.

यावरून ॲप रचणाऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. नेमक्या घटकेची आठवण द्यावयाची असल्यास घड्याळ सर्व्हरवर असावें व तेथून सूचना धाडावी. राहिलेलें काम, ॲप पुन्हां उघडतांच, आधीं पुरें करावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ‘साठविलें’ व ‘पोंचलें’ हे शब्द एक मानूं नयेत. ‘नोंद मोबाईलमध्यें आहे, अद्याप गेलेली नाहीं’ एवढें वाक्य पडद्यावर दिसलें असतें, तर तो बागाईतदार नेटवर्क असेल तेथें क्षणभर थांबला असता, आणि त्याची मुदत चुकली नसती.