परगावच्या खोलीत आपले घर

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या लागल्या की आपल्या वस्त्यावस्त्यांतून मुले-मुली शिक्षणासाठी बाहेर पडतात. कुणी पुण्याला, कुणी नागपूरला, कुणी छत्रपती संभाजीनगरला. एस.टी.त पेटी चढते, आई पदराने डोळे पुसते, बाप वॉर्डनला नाहीतर खोलीमालकाला हात जोडून 'पोराकडे लक्ष असू द्या' म्हणतो आणि माघारी फिरतो. फी भरली, मेस लागली, कॉट मिळाली, एवढ्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ज्या खोलीत लेकराला पुढची तीन-चार वर्षे काढायची आहेत, त्या खोलीचा विचार मात्र सहसा कुणी करत नाही.

आम्ही तो विचार येथे मुद्दाम मांडत आहोत. कारण पहिले सहा महिने हेच खरे धोक्याचे असतात. दिवाळीला घरी आलेला मुलगा 'मला तिथे करमत नाही' म्हणतो आणि परत जाण्याचे नाव काढत नाही, हे आपल्याकडे नवे नाही. इंग्रजीची भीती, पैशाची ओढाताण, वर्गातले टोमणे ही कारणे असतातच. पण दिवसभर हे सारे सोसून संध्याकाळी ज्या खोलीत यायचे, तीही परकीच असेल तर पोराने टेकायचे कुठे? म्हणून खोली मांडणे हा लाड नव्हे. तो शिक्षणाचाच भाग आहे.

आपल्या मुलांचे घर म्हणजे काय?

बाजारातली पुस्तके आणि जाहिराती सांगतात की पडदे, गालिचे, शोभेच्या वस्तू आणल्या की खोलीला घरपण येते. आपली गोष्ट वेगळी आहे. आपली बहुतेक मुले दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसांत वाढलेली असतात. तेथे ना त्यांना स्वतंत्र खोली, ना स्वतंत्र टेबल. एका बाजूला स्टोव्हचा आवाज, दुसऱ्या बाजूला आजीचा खोकला, शेजारच्यांचा टीव्ही, आणि त्यातच अभ्यास. अशा मुलाला परगावच्या खोलीतली शांतताच खायला उठते. त्याला भिंतींची नव्हे, माणसांच्या चाहुलीची आठवण येत असते. तर घरात कधीच स्वतःचा कोपरा न मिळालेल्या मुलीला त्याच शांततेत आयुष्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येतो. दोघांच्या गरजा निराळ्या आहेत, हे पालकांनी आधी ओळखावे.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आठवावे. परळच्या डबक चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राहत असे. तेथेच स्वयंपाक, तेथेच झोप, तेथेच अभ्यास. रामजीबाबांनी त्यावर उपाय काढला. भीमरावांना लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग मुलाला अभ्यासाला उठवायचे. पुढे बी.आय.टी. चाळीत समोरासमोर दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा त्यांतली एक अभ्यासासाठी राखून ठेवली गेली. जागा नव्हती तेव्हा बापाने वेळेची जागा करून दिली आणि खोली मिळताच ती पुस्तकांना दिली. खोली कशी मांडावी याचा यापेक्षा मोठा धडा आम्हांस माहीत नाही.

पहिला मान उजेडाला

खोलीत पाय ठेवताच पहिले काम करावे ते उजेड पाहण्याचे. अभ्यासाची जागा खिडकीजवळ घ्यावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्याने उलट करावे.

सामायिक खोलीत रात्री दिव्यावरून भांडणे होतात. एकाला वाचायचे असते, दुसऱ्याला झोपायचे असते. तेव्हा मुलाला टेबलावरचा स्वतःचा दिवा अवश्य घेऊन द्यावा. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जाळला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा वीज जळत नाही. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब तेवढ्याच वेळात नऊ युनिट खातो. मालक विजेवरून कुरकुरला तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

पाणी तापवायच्या रॉडचे मात्र वेगळे. तो बहुधा हजार ते दीड हजार वॅटचा असतो. भिंतीवरच्या लहान सॉकेटला एवढा भार झेपेलच असे नाही. वायर तापते, प्लग जळतो. त्यातून बादलीतल्या पाण्यात रॉड चालू असताना हात घातला तर जिवावर बेततें ते निराळेच. बहुतेक वसतिगृहांत रॉड आणि शेगडी यांना बंदी असते, ती पाळावी.

पेटी, वाकळ आणि आईची साडी

घरून काय न्यावे? थोडे न्यावे, पण विचाराने न्यावे.

पत्र्याची पेटी अजूनही उत्तम. कुलूप लागते, उंदीर कुरतडत नाही आणि वर चादर घातली की बसायला बाक होतो. पावसाळ्यात ती थेट फरशीवर ठेवू नये, चार विटांवर ठेवावी. पुस्तकेही ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून रचू नयेत, मधे चार बोटे जागा सोडावी. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा.

गादी तिकडेच मिळत असेल तर घरून नेऊ नये. पण वाकळ, गोधडी न्यावी. आई-आजीच्या जुन्या लुगड्यांची ती शिवण अंगावर असली की परक्या खाटेवरही झोप लागते. मुले लाजतात, मित्र हसतील म्हणतात. पालकांनी आग्रह धरावा. आज शहरातल्या दुकानांत अशाच हाताने शिवलेल्या गोधड्या भारी किमतीला विकल्या जातात, एवढे सांगितले की लाज पळते.

लोखंडी खाट मिळाली तर अंथरूण टाकण्याआधी तिचे सांधे पाहावेत. ढेकूण तेथेच दडतात. खाट बाहेर काढून सांध्यांत उकळते पाणी ओतावे, गादी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावी. हे काम पहिल्या दिवशीच करावे, नाहीतर मागाहून पेटीतल्या कपड्यांतही ढेकूण जातात.

पडदे विकत आणू नयेत. जुन्या सहावारी साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर असते. त्यातून सव्वा-सव्वा मीटरचे खिडकीचे दोन पडदे निघतात, दोन मीटरचा दाराचा एक निघतो आणि उरलेल्या मीटरभर कापडात उशीचा अभ्रा होतो. साडीचे काठ पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात, वेगळी शोभा करावी लागत नाही. मुलींच्या खोलीला तर पडदा ही शोभा नसून गरज आहे. वस्तीत कुणाकडे शिलाई मशीन असतेच. एका दुपारचे काम आहे.

टेबल-खुर्चीसाठी जुन्या बाजारात जावे. टेबल अडीच फुटांच्या आसपास उंच असावे आणि खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकावेत, एवढे पाहिले तरी पाठ दुखणार नाही. तेही जमत नसेल तर मांडी घालून बसण्याचे बुटके डेस्क घ्यावे. आपल्या मुलांना खाली बसून अभ्यासाची सवय असतेच. खाटेवर लोळून वाचणे मात्र टाळावे, त्याने पाठ आखडते आणि झोपही येते. पुस्तकांना दोन फळ्या आणि आठ विटा पुरतात. महिन्याला त्यात एक पुस्तक वाढावे, मग ते रद्दीच्या दुकानातले का असेना.

भिंतीवर काय लावायचे?

हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण आपल्या मुलांसाठी तो तसा नाही. बाबासाहेबांचा फोटो पेटीत कपड्यांच्या तळाशी असतो आणि मुलगा आठवडा-आठवडा विचार करत बसतो, लावू की नको? लावला तर खोलीतल्या दोघांना कळेल. त्यांचे वागणे बदलेल का? डबा एकत्र खातील का? काही ठिकाणी तर आडनाव ऐकताच 'खोली कालच गेली' असे उत्तर मिळते. हा अनुभव आपल्यातल्या अनेकांनी घेतलेला आहे, त्यामुळे मुलाची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

तरीही आम्हांस वाटते, ज्या खोलीत आपण कोण आहोत हे लपवून राहावे लागते, ती कितीही सजवली तरी घर होत नाही. लपवण्यात मन थकते आणि अभ्यासाला उरत नाही. फोटो कधी लावायचा हे मुलाने स्वतः ठरवावे. पालकांनी त्यासाठी त्याला धारेवर धरू नये आणि 'उगाच कशाला लावतोस' म्हणून मागेही ओढू नये. खिळा ठोकायला मालकाची मनाई असेल तर फोटो टेबलावर, पुस्तकांच्या शेजारी उभा ठेवावा. शेजारी आई-वडिलांचा फोटो असावा, वेळापत्रक असावे. कुणी विचारलेच तर शांतपणे सांगावे. पुष्कळदा विचारणाऱ्याला खरोखरच काही ठाऊक नसते आणि तेथूनच मैत्री सुरू होते. कुणी त्रास दिलाच तर तो मुकाट्याने सोसू नये. तारीख-वेळ लिहून ठेवावी, वॉर्डनकडे लेखी तक्रार द्यावी आणि घरी कळवावे.

दुसरा पेला

सामानाच्या यादीत आम्ही एक वस्तू आवर्जून सुचवू. पाण्याचा पेला एक नको, दोन असावेत. एक आपला, एक येणाऱ्याचा. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्या समाजाला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या लेकराच्या खोलीत आल्यागेल्याला आधी पाणी मिळावे. ज्या खोलीत आपण दुसऱ्याला 'बसा' म्हणू शकतो, तीच आपली खोली. शांतता खायला उठणाऱ्या मुलाला औषधही हेच आहे. आठवड्यातून एकदा वर्तमानपत्र अंथरून चौघांनी एकत्र डबा खावा.

वसतिगृहांची आपली परंपराही अशीच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले ते गावोगावच्या मुलांना हक्काचे छप्पर मिळावे म्हणून. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात १९७२ च्या सुमारास दलित पँथरच्या तरुणांचा राबता असे. साध्या खोल्यांत माणसे जमली, बोलली, वाचत राहिली आणि त्यातून चळवळ उभी राहिली.

फोनचे मात्र पथ्य पाळावे. आता व्हिडिओ कॉलवर आई रोज खोली पाहू शकते, ही मोठी सोय झाली. पण दिवसातून दहा वेळा 'जेवलास का?' विचारले तर मूल ना तिथले होते ना इथले. रात्रीची एक वेळ ठरवावी आणि तेव्हा सगळ्यांनी बोलावे.

हिशेब

शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला तर राहण्या-जेवणाची सोय होते. तो न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सुरुवातीला मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरली, त्यात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० धरले होते. सध्याच्या अटी आणि रक्कम समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्याव्यात. पैसा हाती यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांचा खर्च त्या भरवशावर ठेवू नये. खोली घेताना अनामत रकमेची पावती मागून घ्यावी आणि आधीच असलेल्या मोडतोडीचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावेत.

बाकी खरेदी एकदम करू नये. पहिल्या दिवशी दिवा, कुलूप, बादली आणि अंथरूण पुरे. उरलेले मुलाने स्वतः, आपल्या बेताने जमवावे. बापाने सगळे आणून मांडून दिले तर ती बापाची खोली होते. मुलीने स्वतः घासून स्वच्छ केलेली फळी, मुलाने स्वतः बांधलेली कपड्यांची दोरी, यांतूनच ती जागा त्यांची होते.

यंदा आपल्या वस्तीतून कोण कोण बाहेर शिकायला चालले आहे, त्याची विहारात यादी करावी. मागच्या वर्षी शिकून परतलेल्यांनी आपला टेबल-दिवा, डेस्क, बादली पुढच्याला द्यावी. एकाचे शिक्षण पुरे झाले की त्याच्या दिव्याखाली दुसऱ्याने बसावे. यात पैशाचा प्रश्न कमी आहे आणि मनाचा अधिक. समाजबांधवांनी आणि विशेषतः मायबहिणींनी हे मनावर घ्यावे, एवढीच विनंती.