दयामरण : निर्णय कोणाचा?

मारणे आणि मरू देणे यांत नैतिक भेद आहे काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा तीस विरोध होता. मात्र कठोर अटींवर जीवनाधार काढून घेण्यास त्याच निकालाने तत्त्वतः मान्यता दिली. येथे करुणा दोन्ही पक्षांकडे होती. अरुणांची स्वतःची इच्छा मात्र कळण्यास मार्ग नव्हता. म्हणूनच व्यक्तीने आधी लिहून ठेवलेली इच्छा ग्राह्य मानणारा २०१८ चा निकाल स्वायत्ततेच्या तत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. आपली इच्छा आपल्या आप्तांना ठाऊक आहे काय, याचा विचार करा.