‘जीन’ हा शब्द आला कुठून?

दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यात एक शब्द रोज कानावर पडतो. “कापूस जिनात नेला.” “ती जिनात कामाला जाते.” हिंगणघाट असो, पुलगाव असो की देवळी, जीन म्हणजे काय ते कोणाला सांगावं लागत नाही. पण हा शब्द आपला नाही.

घोड्याच्या पाठीवरचं जीन वेगळं, तो शब्द फारसी. पोरं घालतात ती जीन्सही वेगळी, तिचं नाव इटलीतल्या जिनोव्हा शहरावरून पडलं. कापसाचं जीन आलं इंग्रजीतून. लॅटिन भाषेत ‘इंजेनियम’ म्हणजे अंगची हुशारी. त्यावरून फ्रेंचमार्गे ‘इंजिन’ शब्द झाला, म्हणजे हुशारीनं केलेलं साधन. बोलता बोलता पुढचं अक्षर गळालं आणि ‘जिन’ उरलं. म्हणजे रेल्वेचं इंजिन आणि कापसाचं जीन सख्ख्या बहिणी! जुन्या काळी इंग्रज लोक सशाच्या फाशालाही जिन म्हणत, वजन उचलायच्या रहाटालाही. ते अर्थ आता मागे पडले. आपल्याकडे मात्र शब्द रोजच्या वापरात आहे.

१७९४ साली अमेरिकेत एली व्हिटनी यांना सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट मिळालं. पण दोन लाटांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवणारी हातचरखी आपल्या देशात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. ती फिरवत बहुतेक बायाच.

आता कामाची गोष्ट. एक क्विंटल कापसातून जिनात साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. यालाच ‘रुईचा उतारा’ म्हणतात. एक गठाण १७० किलोची, म्हणजे तिला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीपेक्षा रुई कितीतरी महाग, म्हणून भाव बोलताना व्यापाऱ्याच्या मनात उतारा असतो. तो आपल्यालाही माहीत हवा. दुसरं, ओलावा. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांवर ओलावा गेला की भाव कापतात आणि १२ टक्क्यांवर गेला की कापूस घेतच नाहीत. म्हणून दव सुकल्यावर वेचा, वेचलेला कापूस वाळवा, कवडी आणि पालापाचोळा वेगळा काढा.

वेचणी आपण करतो, पण मोजणीच्या वेळी काट्याजवळ बहुतेक पुरुषच उभे असतात. यंदा आपणही जाऊ. वजन, ओलावा आणि उतारा, तिन्ही विचारू आणि पावती गटाच्या वहीत नोंदवू.