बढती मिळाली, संरक्षण गेलं

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पन्नाशीच्या कुशल कामगाराला सहसा कोणी कामावरून काढत नाही. त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला जातो. म्हणूनच कपातीचा खरा आकडा कधी पुढे येत नाही. कागदोपत्री कपात झालेलीच नसते, माणूस आपण होऊन गेलेला असतो. भोसरी, चाकण, रांजणगाव, हिंजवडी इथल्या नोकरदारांशी बोलताना मला एक गोष्ट सतत दिसत आली आहे. आपला कामगार कायदा जुन्या माणसाच्या बाजूने लिहिलेला आहे, पण अनुभव वाढत जातो तसतसा तो माणूसच कायद्याच्या बाहेर पडत जातो.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीचा क्रम ठरवून दिला. त्या-त्या वर्गात जो शेवटी लागला तो आधी जाणार. शिवाय एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९७६ साली मोठ्या कारखान्यांना कपातीसाठी आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेणं बंधनकारक झालं. सुरुवातीला ही अट ३०० कामगारांच्या कारखान्यांना होती, पुढे ती १००वर आली. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३००वर नेली. या संहितेतही शेवटी आलेल्याने आधी जायचं हे तत्त्व मात्र टिकून आहे. म्हणजे २५ वर्षं घासलेल्या माणसाला सर्वांत शेवटी हात लावायचा, असं कायदा आजही सांगतो.

कंपनीचा हिशेब याच्या बरोबर उलट चालतो. जुना परमनंट सगळ्यांत महाग. त्याच्या एका पगारात दोन-तीन ट्रेनी उभे राहतात. कायदा एकीकडे आणि हा हिशेब दुसरीकडे, त्यातून काढलेली पळवाट म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. आयकराच्या नियमांनीही तिला हात दिला. नोकरीची १० वर्षं किंवा वयाची ४० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी अशी योजना आणता येते आणि मिळालेल्या रकमेतल्या ५ लाखांपर्यंत कर माफ होतो. रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही, हीसुद्धा त्यातली एक अट. ती पाळली जाते, कारण त्या नावाची जागा भरावीच लागत नाही. काम कंत्राटदाराच्या माणसाकडे जातं. करसवलतीच्या नियमात चाळिशी हा आकडा आला, तिथेच चाळिशीनंतरचा माणूस घरी पाठवण्याजोगा ठरला, असं मला वाटतं.

हे फक्त खाजगी कारखान्यांत घडलं असं नाही. बीएसएनएल आणि एमटीएनएल या सरकारी कंपन्यांनी २०१९मध्ये पन्नाशी गाठलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार आणि दिल्ली-मुंबई मिळून एमटीएनएलचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी घरी गेले. मुंबईच्या फुटपाथखाली कुठली केबल कुठून गेली आहे, पावसाळ्यात पाणी कुठल्या खड्ड्यात शिरतं, हे ज्यांना तोंडपाठ होतं, त्यांत ती माणसंही होती.

अनुभव म्हणजे नेमकं काय, हे पाहायचं तर भोसरीच्या एखाद्या टूल रूममध्ये जावं. प्रेसच्या डायचे दोन भाग सीएनसीवर कापून येतात, पण ते लगेच एकमेकांवर नीट बसत नाहीत. डायमेकर एका भागाला निळ्या रंगाचा पातळ हात देतो, दुसरा भाग त्यावर टेकवतो आणि उचलतो. जिथे निळा डाग उमटला तिथे धातू शतांश मिलिमीटरने वर आहे. तेवढंच ऑइलस्टोनने घासायचं, पुसायचं, परत निळं लावायचं, परत टेकवायचं. दिवसभर हेच. किती घासायचं हे ड्रॉइंगवर नसतं. जास्त घासलं गेलं तर वेल्डिंग करून पुन्हा पहिल्यापासून. हा हात बसायला दहा-बारा वर्षं लागतात आणि तो बसेपर्यंत माणूस पस्तिशी-चाळिशीला आलेला असतो. मग त्याला बढती मिळते. हातातला ऑइलस्टोन सुटतो, टेबल मिळतं, पत्रावर सुपरवायझर किंवा असिस्टंट इंजिनिअर लिहून येतं. घरी पेढे वाटले जातात.

खरा घात इथे होतो. पर्यवेक्षण करणारा आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कामगार राहत नाही. जुन्या कायद्यात ही मर्यादा महिना १० हजार होती, नव्या संहितेत १८ हजार आहे. पुण्याच्या पट्ट्यात आज कोणता सुपरवायझर १८ हजारांत काम करतो? पदनाम काय आहे यापेक्षा माणूस प्रत्यक्षात कोणतं काम करतो ते पाहायचं, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. पण ते सिद्ध करायला कामगार न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा कराव्या लागतात. पन्नाशीचा माणूस तोवर साठीला टेकतो. युनियनचं सभासदत्व तर बढतीच्या दिवशीच सुटलेलं असतं. करारात त्याचं नाव नसतं आणि गेटवर त्याच्यासाठी कोणी घोषणा देत नाही.

त्याला घालवायची रीत सगळीकडे साधारण सारखीच आहे. आधी चालू काम काढून घेतात. मग उत्तराखंड किंवा तमिळनाडूच्या प्लांटला बदलीचं पत्र येतं. मुलगी बारावीला, आई अंथरुणाला, हे एचआरला ठाऊक असतं. शेवटी एका खोलीत बसवून टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवतात. सही केली तर रिलीव्हिंग लेटर, ग्रॅच्युइटी आणि तीन महिन्यांचा पगार. नाही केली तर टर्मिनेशन, आणि मग पुढची नोकरी कुठे मिळते ते बघ. निर्णय त्याच खोलीत, त्याच दुपारी घ्यायचा. घरी फोन करायचीही सवड नसते.

ज्यांच्यामागे युनियन आहे त्यांना निदान भांडता येतं. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून डिसेंबर २०२०मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. तिथल्या बऱ्याच कामगारांनी पॅकेज नाकारलं आणि कारखाना ज्याच्या हाती जाईल त्याने आम्हालाही घ्यावं म्हणून लढा दिला. २०२३मध्ये ह्युंदाईने त्या कारखान्याचा करार केला. तोपर्यंत विशीत लागलेली पोरं पस्तिशी ओलांडून गेली होती आणि त्यांतल्या अनेकांचं कौशल्य त्याच लाइनवर घडलेलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सवर आयुष्य काढलेल्यांपुढे आता विजेच्या गाड्यांचा प्रश्न आहे. त्या गाड्यांत ना पिस्टन, ना क्रँकशाफ्ट. फोर्जिंग आणि मशीनिंगवर उभ्या असलेल्या चाकण-भोसरीच्या छोट्या शॉपना त्याची झळ आधी बसेल.

आयटीवाल्या हिंजवडीची गोष्ट वरून वेगळी दिसते, आतून तीच आहे. जुलै २०२५मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळातले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक लोक कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतले लोक असतील, असंही सांगितलं. त्याच्या थोडं आधी वर्षाला किमान २२५ दिवस प्रकल्पावर बिल झालं पाहिजे आणि बेंचवर म्हणजे प्रकल्पाविना जास्तीत जास्त ३५ दिवस, असा नियम आला होता. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेल्याला प्रकल्प मिळणंच अवघड, कारण त्याचा दर ग्राहकाला परवडत नाही. दिवस भरले नाहीत की दोष त्याचाच. मॅनेजर म्हणून तो कामगार नाही, युनियन नाही, आणि वाकडला ३० वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेलं घर मात्र आहे.

पन्नाशीत नोकरी गेली की पेन्शन तरी असतं, हा समजही तपासून पाहावा. कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ईपीएस-९५ची पेन्शन वयाच्या ५८व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घ्यायची तर प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी. पगाराची मर्यादा १५ हजार धरल्यामुळे वाढीव पेन्शनचा पर्याय न घेतलेल्याला ३० वर्षांच्या नोकरीनंतरही महिना ७ हजारांच्या आतच हाती येतात. किमान पेन्शन २०१४पासून १ हजारावर अडकली आहे. ती साडेसात हजार करा म्हणून बुलढाण्यात पेन्शनरांनी साखळी उपोषण चालवलं. कर्मचारी राज्य विमा योजनेची पगारमर्यादा २१ हजार, त्यामुळे कुशल कामगार केव्हाच तिच्या बाहेर गेलेला असतो. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. साखर आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला नवी पॉलिसी काढायला गेल्यावर विमा एजंट काय आकडा सांगतो, ते ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक.

नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्यात १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची, ती मग कामगाराच्या खात्यात जमा होते. पण राजीनामा दिलेला माणूस कपात झालेला धरला जात नाही, त्यामुळे तो निधीही त्याचा नाही. आणि पंधरा दिवसांच्या पगारात डायमेकर काय नवं शिकणार?

अमेरिकेत कंपन्या माणसं काढत नाहीत असं नाही, सर्रास काढतात. पण वयावरून भेदभाव करायला तिथे १९६७पासून कायद्याने बंदी आहे आणि तिचं संरक्षण चाळिशीपासून सुरू होतं. १९९०च्या दुरुस्तीनंतर एक गोष्ट फार मोलाची झाली. अनेकांना एकदम काढताना हक्कसोडीच्या कागदावर सही हवी असेल, तर कोणाला काढलं आणि कोणाला ठेवलं त्यांची पदं आणि वयं कंपनीला दाखवावी लागतात. विचाराला ४५ दिवस मिळतात आणि सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. आपल्या राज्यघटनेच्या १५ आणि १६ या अनुच्छेदांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. खाजगी नोकरीत वयावरून डावललं म्हणून दाद मागायला आपल्याकडे वेगळा कायदाही नाही.

म्हणून मला वाटतं, पुण्या-मुंबईतल्या युनियनांनी यंदाच्या मागणीपत्रांत पगारवाढीच्या वर दोन कलमं घालावीत. सुपरवायझरपदी बढती मिळालेल्या माणसाला किमान पाच वर्षं मूळ वर्गात परत येण्याचा आणि करारात राहण्याचा हक्क द्यावा. कोणत्याही स्वेच्छानिवृत्तीच्या वा राजीनाम्याच्या कागदावर सहीआधी ३० दिवस मिळावेत, तो कागद घरी नेता यावा आणि त्या वर्षी गेलेल्या सगळ्यांची वयं त्याला जोडलेली असावीत. यासाठी दिल्लीतल्या कायद्याची वाट पाहायला नको. मालक आणि युनियन यांच्या करारात हे आजही लिहिता येतं. आणि ज्यांना युनियनच नाही, त्या हिंजवडीकरांनी त्या खोलीत एवढंच म्हणावं की कागद ईमेल करा, वकिलाला दाखवून उत्तर देतो.